हॉजकिन्स लिम्फोमानंतर तीन वर्षांनी २०० किमीची सायकलची बीआरएम करायची आहे, पण दम लागला की आधी भीतीच वाटते

उशिरा_निघालेली

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं वय ४१. साडेतीन वर्षांपूर्वी हॉजकिन्स लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, छातीत मधोमध मोठी गाठ आणि मानेत तीन लहान. एबीव्हीडी (चार औषधांची) केमो झाली, ६ सायकल म्हणजे केमोच्या ६ फेऱ्या, १२ डोस. दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून ब्लिओमायसिन तिथेच थांबवलं, बाकीची तीन औषधं शेवटपर्यंत चालली. रेडिएशन लागलं नाही. शेवटचा डोस होऊन आता तीन वर्षं होतील आणि फॉलोअप आतापर्यंत सगळे चांगले आलेत.

सायकल मी दीड वर्षापूर्वी सुरू केली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालताना डोक्यात तेच तेच विचार फिरायचे, सायकलवर मात्र रस्त्याकडे बघावंच लागतं म्हणून डोकं शांत राहायचं. आता आठवड्यात तीनदा चालवते, सुट्टीच्या दिवशी ५०-६०, दोनदा ८० पण केलेत. पाच महिन्यांनी २०० ची बीआरएम आहे, म्हणजे साडेतेरा तासांत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, आणि ती करायचीच असं मनात घट्ट बसलंय. का, ते नीट सांगता येत नाही. उपचारांचे ते सहा महिने माझ्या शरीराचं काय करायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवत होतं, सुई कधी, रक्त कधी, उपाशी कधी राहायचं, झोपायचं कधी. एक पूर्ण दिवस असा हवाय की पहाटेपासून रात्रीपर्यंत हे शरीर काय करणार ते मी ठरवलेलं असेल.

आता अडचण सांगते. आजार कळायच्या आधी चार महिने मला जिना चढताना दम लागत होता आणि मी म्हणत होते व्यायाम नाही, वजन वाढलंय, म्हणून होतंय. ती छातीतली गाठ होती. त्यामुळे दम लागणं म्हणजे नुसतं दम लागणं असं माझ्यासाठी उरलेलंच नाही. तीन आठवड्यांपूर्वी ७२ व्या किलोमीटरला लांब चढ होता, घड्याळात पल्स १७० दिसली, छाती धडधडत होती आणि मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले. २५ मिनिटं बसले आणि त्यातला निम्मा वेळ मानेवर बोटं फिरवून गाठ लागते का तेच बघत होते. त्या रात्री घामाने ओली होऊन जागी झाले (आजारात रात्रीचा घाम यायचा) आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. चौथ्या दिवशी रक्त तपासून आले. सगळं नॉर्मल. दोन महिन्यांत वजन ६४ वरून ६१ झालंय, लोक कौतुक करतात, मला मात्र काटा खाली सरकला की पोटात गोळा येतो.

तर तुमच्यापैकी कुणी मोठ्या आजारातून उठून असं काही लांब पल्ल्याचं केलं असेल तर सांगा की साधा थकवा आणि काळजी करण्यासारखा थकवा हे तुम्ही कसं ओळखता, आधी कुठल्या तपासण्या करून घेतल्या, आणि घरच्यांना कसं समजावलं. आईने तर हा विषयच बंद केलाय. नवरा म्हणतो मी गाडी घेऊन मागे येतो, पण कंट्रोल (वाटेतले ठरलेले नोंदीचे थांबे) सोडून मध्ये रस्त्यात मदत घेता येत नाही असा नियम आहे ना? अजून एक, ५० किमी झाले की हातांची बोटं बधीर होतात, ते केमोचं आहे का सायकलचं तेही कळत नाही.

सारा थॉमस नावाच्या पोहणारीबद्दल वाचलं, ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपल्यानंतर साधारण वर्षभरात, सप्टेंबर २०१९ मध्ये, ती इंग्लिश चॅनल न थांबता चार वेळा पोहली, ५४ तास पाण्यात. ते वाचल्यापासून वाटतंय की माझे २०० होतील.

दोनशेवाला

ताई, आधी मनापासून स्वागत. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मानेवर बोटं फिरवत बसण्याचं जे लिहिलंय ते मी पण केलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा.

मला सहा वर्षांपूर्वी नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा झाला होता, केमो आणि मानेला रेडिएशन. वय आता ५२. त्यानंतर २०० तीन वेळा पूर्ण केली, ३०० दोनदा निघालो, एकदा पोचलो. न पोचलेल्या वेळेबद्दल सांगतो कारण मला जास्त त्यानेच शिकवलं.

१९० किमी झाले होते, रात्र होती, आणि मला कसंतरी व्हायला लागलं. काय होतंय ते शब्दांत सांगता येईना. चक्कर नाही, छातीत दुखत नाही, पण काहीतरी बरोबर नाही. पुढच्या कंट्रोलपर्यंत २२ किमी होते आणि ते २२ किमी मी स्वतःशी भांडत काढले, थांबू का, घाबरतोय का, खरंच काही होतंय का, घाबरट म्हणतील का. त्या भांडणात मी इतका गुंतलो की पाणी प्यायचं आणि खायचं दोन्ही राहून गेलं आणि मग जे काही थोडं बिघडलं होतं ते पूर्ण बिघडलं. कंट्रोलवर सोडून दिलं. नंतर तपासणीत काय निघालं तर थायरॉइड. मानेला रेडिएशन झालं असेल तर पुढे काही वर्षांनी थायरॉइड मंद होऊ शकतं, मी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वर्षभर केलीच नव्हती आणि आधीचे चार महिने जो थकवा येत होता तो मी वयावर ढकलत होतो. तुम्हाला रेडिएशन नाही म्हणता, मग ही भानगड तुमच्या वाट्याला तितकी नसेल, पण साधी टीएसएच आणि हिमोग्लोबिन करून घ्या, यात नुकसान काही नाही.

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट बदलली. थांबायचं कधी हे रस्त्यावर ठरवत नाही, घरी टेबलावर बसून, पोट भरलेलं असताना, बायकोसमोर लिहून काढतो. माझ्या कागदावर चार ओळी आहेत. छातीत दाब किंवा दुखलं तर थांबायचं आणि फोन करायचा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेच. उतरून १० मिनिटं बसल्यावरही श्वास जागेवर आला नाही तर पुढे जायचं नाही. आणि सलग दोन कंट्रोलवर खाणं पोटात राहिलं नाही तर तिथेच संपवायचं. यातलं काही झालं तर वाद नाही, विचार नाही, थांबायचं. आणि यातलं काही झालं नाही तर कितीही भीती वाटली तरी चालवत राहायचं. या दुसऱ्या भागाचा मला जास्त फायदा झाला. भीती येते, मी कागद आठवतो, चारातलं एकही नाही, मग ती भीती मागच्या सीटवर बसवून पुढे जातो.

आता हिशेब. २०० ला साडेतेरा तास म्हणजे सगळे थांबे धरून ताशी १५ ची सरासरीसुद्धा लागत नाही. तुम्ही चालत्या सायकलवर २० ची सरासरी ठेवली तर पेडल मारायला १० तास लागतात आणि साडेतीन तास हातात उरतात. साडेतीन तास म्हणजे खूप झाले हो. चढावर उतरून सायकल हातात धरून चाला, कुणी काही म्हणत नाही. ही रेस नाहीये, निकालात पहिला दुसरा नंबर काढतच नाहीत, १३ तास २५ मिनिटांत आलेल्याचं ब्रेव्हे (पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) आणि ८ तासांत आलेल्याचं ब्रेव्हे सारखंच. तुमची पल्स १७० ला जाईल इतकं ढकलायची पूर्ण दिवसात एकदाही गरज नाही. फक्त प्रत्येक कंट्रोलची बंद व्हायची वेळ वेगळी असते तेवढं डोक्यात ठेवा, सुरुवातीला निवांत बसून राहिलं की पुढे धावपळ होते.

गाडी मागे ठेवता येत नाही हे बरोबर. रस्त्यात मध्ये मदत घेतली तर बाद करतात, पण कंट्रोलवर घरचं माणूस येऊन भेटू शकतं, तिथे मदत चालते. मिस्टरांना हे नीट सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हिंमत_हीच_किंमत

ताई एकच सांगतो, मन खंबीर तर शरीर आपोआप मागे येतं. तुम्ही कॅन्सरला हरवलंय, त्यापुढे २०० किमी काहीच नाही. जास्त तपासण्या करत बसलात तर काहीतरी काढतीलच आणि मग आत्मविश्वास जाईल. ज्याने एवढं सोसलं त्याला दम लागण्याची काय भीती, पॉझिटिव्ह राहा आणि निघा. ऑल द बेस्ट!!

फिजिओथेरपीवाली

वरच्या प्रतिसादातला जीव मला कळतो, पण तपासण्या टाळा हे वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय. मी फिजिओ आहे, कॅन्सरचे उपचार झालेल्या लोकांसोबत बरीच वर्षं काम करते. इथे लिहिलेलं तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या सल्ल्याच्या जागी धरू नका, त्यांच्यासमोर विचारायचे प्रश्न म्हणून धरा.

एबीव्हीडीमधलं ए म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध. एका डोसला साधारण २५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, असे १२ डोस म्हणजे एकूण ३००. हृदयाच्या दृष्टीने २५० च्या वर गेलं की तो जास्त डोसचा गट धरतात. याचा अर्थ तुमच्या हृदयाला काही झालंय असा अजिबात नाही, बहुतेकांना काही होत नाही. अर्थ एवढाच की त्रास नसला तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघायचा, आणि पाच महिन्यांनी १३ तास सायकल चालवणार असाल तर नक्कीच बघायचा. इको करताना ईएफ (दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) सोबत स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकसतो) पण मोजायला सांगा, कारण ईएफ चांगला दिसत असतानाही हृदयाच्या स्नायूतला बारीक बदल स्ट्रेनमध्ये आधी दिसतो. आणि दोन्ही आडवं झोपून केलेल्या तपासण्या आहेत, जोर लावल्यावर हृदय आणि फुप्फुस कसं वागतं ते त्यात कळत नाही. त्यासाठी मास्क लावून सायकलवर किंवा ट्रेडमिलवर करतात ती कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट. मिळत असेल तर करा, कारण तुमचा जो मूळ प्रश्न आहे, दम का लागतो, त्याचं खरं उत्तर त्यातच मिळतं. दम हृदयामुळे, फुप्फुसामुळे का सराव कमी पडल्यामुळे हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

फुप्फुसाचं म्हणाल तर त्याला त्रास देऊ शकणारं ब्लिओमायसिन तुम्हाला केमोच्या फक्त दोन सायकल मिळालं, हे चांगलं झालं. तरी पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) आणि त्यात डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ते) एकदा करून ठेवा. आणि हे सायकलशी संबंधित नाही पण सांगून ठेवते, पुढे कधी कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ब्लिओमायसिन मिळालं होतं हे आवर्जून सांगायचं, जास्त ऑक्सिजन देताना त्यांना ते माहीत असावं लागतं. स्कूबा डायव्हिंगचा विचार आला तर तेव्हाही आधी विचारायचं.

आता १७०. वयानुसार कमाल पल्सचा जो ढोबळ हिशेब आहे, २२० वजा वय, त्याने तुमची १७९ येते. म्हणजे त्या चढावर तुम्ही जवळजवळ टोकाला होतात, ७२ किमी झाल्यावर. त्या क्षणी कधीच आजारी न पडलेल्या माणसालाही दम लागला असता. तुमचं शरीर तेव्हा खोटं बोलत नव्हतं, ते बरोबर सांगत होतं की वेग जास्त आहे. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. २०० चा बराचसा दिवस बोलता येईल अशाच वेगाने काढायचा आहे.

साधा दम थांबलं की काही मिनिटांत उतरतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि दोन दिवसांनी तोच रस्ता पुन्हा करता येतो. काळजीचं वेगळं असतं. आधी सहज व्हायचा तोच चढ आठवड्यागणिक जड होत जाणं, आडवं झोपलं की दम लागणं, घोटे सुजणं, सकाळची पल्स बरेच दिवस नेहमीपेक्षा १० ने वर राहणं, छाती अनियमित धडधडणं, चक्कर येऊन पडणं. आणि वजनाबद्दल एक सांगते, तुम्ही कमी व्हायला घाबरता, पण हृदयाच्या बाबतीत दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो वाढणं जास्त लक्ष देण्यासारखं असतं कारण ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं. लिम्फोमात डॉक्टर जी वजनातली घट मोजतात ती कारण नसताना सहा महिन्यांत १० टक्के. तुमची पाच टक्क्यांहून कमी आहे आणि कारण समोर उभं आहे, दोन चाकांवर. रात्रीचा घाम पण तसाच, लांब राईडनंतर अंग तासन्‌तास तापलेलं राहतं, एखादी रात्र घाम येणं समजण्यासारखं आहे. राईड नसलेल्या दिवसांतही रोज कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम, किंवा कारण नसताना ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हे असेल तर फॉलोअपची तारीख येईपर्यंत वाट बघायची नाही. वहीत राईड आणि घाम दोन्ही लिहीत जा, महिन्याभरात तुम्हालाच जोडी दिसेल.

बोटांचं कुठली बोटं बधीर होतात त्यावर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं असेल तर हँडलवर तळव्याची नस दाबली जातेय, हँडल थोडं वर घ्या, हाताची जागा बदलत राहा, ग्लोव्हज बघा. सगळ्याच बोटांची टोकं, दोन्ही हातांची, आणि पायांची पण, सायकल नसतानाही, असं असेल तर तो विनब्लास्टिनचा राहिलेला परिणाम असू शकतो. मग ब्रेक दाबताना बोटांत पुरेसा जोर आणि जाणीव आहे ना ते आधी तपासा, उतारावर ते फार महत्त्वाचं आहे.

सराव करताना २०० आधी मारून बघायची गरज नाही. पाच महिने आहेत, दर तीन आठवडे थोडं वाढवून चौथा आठवडा हलका ठेवा, शेवटच्या महिन्यात एकदा १३०-१४० आरामात झाले की पुरे. आठवड्यात दोनदा ताकदीचे व्यायाम सोडू नका, केमोनंतर स्नायू आपोआप परत येत नाहीत.

आईंसाठी एक गोष्ट. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंट्सवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनी आजार न उलटलेले साधारण ८० टक्के होते, फक्त माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ७४. तो आजार वेगळा आणि तिथला व्यायाम बहुतेकांचा भराभर चालण्याएवढा, त्यामुळे २०० किमीने आजार परत येत नाही असं यावरून कुणी म्हणू नये. पण कॅन्सर झालेल्या माणसाने जपून पडून राहावं ही जी आपल्या घरांमधली समजूत आहे, तिला यातून उत्तर मिळतं.

एका_पेशंटची_मुलगी

मी सायकल चालवत नाही, शोधता शोधता इथे आले, आणि तुमच्या आईच्या बाजूने लिहावंसं वाटतंय. रागावू नका.

माझ्या बाबांना ल्युकेमिया होता, बरे झाले, आणि दोन वर्षांनी त्यांनी ट्रेकला जायचं काढलं, सात दिवसांचा. मी खूप भांडले. ते म्हणायचे तुला माझ्यावर विश्वास नाही. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. त्यांचे दिवस औषधात आणि गुंगीत गेले, त्यांना बरंचसं आठवतच नाही, पण मला सगळं आठवतं. रात्री तीन वाजता कॉरिडॉरमध्ये उभं राहून दार उघडायची वाट बघणं मला आठवतं. आजार पेशंटला होतो तेव्हा घरच्यांना फक्त वाट बघायचं काम असतं, आणि तुम्ही आता त्यांना परत साडेतेरा तास तेच काम देताय. आई गप्प बसल्यात त्याचं कारण हे असू शकतं, तुमचं स्वप्न त्यांना खुपतंय असं नाही.

बाबा गेले शेवटी ट्रेकला. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की मला काहीतरी करायला द्या. मग त्यांच्या गोळ्यांची पाकिटं दिवसवार मी बांधली, रक्ताचे रिपोर्ट मी लावून दिले, रोज संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर कुणाला फोन करायचा ती यादी माझ्याकडे होती. भीती गेली नाही पण हात रिकामे नव्हते. तुम्ही आईंना काय काम देणार आहात?

आणि अशा गोष्टींमध्ये लोक टेरी फॉक्सचं नाव घेतात म्हणून लिहिते, बाबांच्या खोलीत त्याचं चित्र होतं. १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे पाय काढला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढं अंतर, १४३ दिवसांत ५,३७३ किमी. लोक इथेच थांबतात. तो खोकला आणि छातीतलं दुखणं सुरू झाल्यावर थंडर बे जवळ थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता, आणि जून १९८१ मध्ये गेला, २२ वर्षांचा होता. घाबरवायला सांगत नाहीये. तो थांबला म्हणून त्याचे ५,३७३ कुणी कमी धरत नाही, हे तुम्ही निघायच्या आधीच घरी सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवा एवढंच म्हणायचंय.

हिंमत_हीच_किंमत

फिजिओ मॅडम, तपासण्या करूच नका असं म्हणायचं नव्हतं, चुकीचं लिहिलं गेलं. माझ्या भावाला खूप तपासण्यांमध्ये खचताना बघितलंय म्हणून तसं आलं. पण जिद्दीनेच माणूस उठतो यावर मी ठाम आहे.

पाण्यातला

@हिंमत_हीच_किंमत, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. जिद्दीबद्दल मात्र मला वेगळं वाटतं, आणि मी स्वतः यातून गेलोय, टेस्टिक्युलर कॅन्सर, आठ वर्षं झाली, आता खुल्या पाण्यात पोहतो.

मार्टेन व्हॅन डर वेडेन हा डच पोहणारा. २००१ मध्ये ल्युकेमिया, स्टेम सेल ट्रान्सप्लांट, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १० किमीचं सुवर्ण. जिद्दीचं याहून मोठं उदाहरण कुठलं द्यायचं? पण हाच माणूस जाहीरपणे सांगतो की पॉझिटिव्ह विचारांनी आपण वाचलो असं तो मानत नाही, आणि तसं सांगणं त्याला धोक्याचं वाटतं, कारण मग जे वाचले नाहीत ते कमी जिद्दीचे होते असा अर्थ होतो. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा माझ्यापेक्षा कितीतरी हसरा होता. तो नाही राहिला. त्यामुळे हरवलं, जिंकलं हे शब्द मी वापरत नाही, औषध लागू पडलं म्हणतो.

यातून सायकलला काय मिळतं ते सांगतो. तुम्ही आजाराला हरवलंय असं मनात धरून निघालात तर १६० व्या किलोमीटरला थांबावं लागल्यावर वाटेल की आता त्याने मला हरवलं. ही दोन वेगळी खाती आहेत, मिसळू नका. व्हॅन डर वेडेन २०१८ मध्ये साधारण २०० किमीचा कालव्यांचा मार्ग पोहायला निघाला, १६३ किमीला त्याला थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी परत आला आणि पूर्ण केलं.

तुम्ही जे लिहिलंय ना, एक दिवस शरीराचं मी ठरवणार, ते फार खरं आहे. त्यात थांबायचं ठरवणंही तुमच्याकडेच आलं की.

दोनशेवाला

पाण्यातला यांचं शेवटचं वाक्य माझ्या कागदावर पाचवी ओळ म्हणून लिहितोय.

ताई, २०० च्या आधी एखादी १०० ची ग्रुप राईड करा, आणि एकट्या निघू नका, तुमच्याच वेगाचा एक माणूस शोधा, ज्याला तुमचा आजार माहीत आहे आणि जो दर अर्ध्या तासाला बरी आहेस का असं विचारणार नाही. असा माणूस मिळाला की निम्मं काम झालं. खिशात एक लॅमिनेट केलेला कागद ठेवा, झालेले उपचार, ब्लिओमायसिनसकट, चालू औषधं, घरचा फोन.

उशिरा_निघालेली

सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायचं होतं, पण मध्ये पाच आठवडे गेले, क्षमा करा. तपासण्यांमध्ये गेले.

इको झाला, ईएफ ५८, स्ट्रेन पण ठीक. डीएलसीओ थोडी कमी आहे पण डॉक्टर म्हणाले चालेल, सहा महिन्यांनी परत बघू. मास्कवाली टेस्ट केली. ती करताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण तिथे थांब म्हणेपर्यंत दम लागू द्यायचाच असतो. तोंडावर मास्क, छातीला वायरी, आणि मी हाशहुश्श करतेय, आणि समोर दोन माणसं शांतपणे स्क्रीन बघत उभी आहेत. तीन वर्षांत पहिल्यांदा मला इतका दम लागला आणि कुणीच घाबरलं नाही. उतरल्यावर चार मिनिटांत श्वास जागेवर आला, मी घड्याळ लावून बघितलं. हृदय, फुप्फुस दोन्हीकडे अडचण नाही, सराव वाढवायचा आणि पल्स सध्या १४५ च्या खाली ठेवायची असं सांगितलंय. टीएसएच नॉर्मल, हिमोग्लोबिन ११.४, त्यावर गोळ्या सुरू झाल्यात.

बोटं करंगळीच्या बाजूचीच निघाली. हँडल वर घेतलं, ७० किमीपर्यंत आता काही होत नाही.

परवा त्याच चढावर गेले. १४२ च्या वर जाऊ दिलं नाही, शेवटचं थोडं उतरून चालत गेले. भीती वाटली नाही असं नाही म्हणणार, वाटली, एकदा हात मानेकडे गेला पण. पण कागदावरचं एकही नव्हतं म्हणून बसले नाही. वही पण सुरू केलीय, घाम आलेल्या तिन्ही रात्री लांब राईडच्याच आहेत.

@एका_पेशंटची_मुलगी, तुमचा प्रतिसाद मी आईला मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. दोन दिवसांनी म्हणाली, तो रस्त्याचा नकाशा आण बघू. मी चार कंट्रोल दाखवले, कुठे किती वाजता बंद होतं ते लिहून दिलं, गाडी मागे आणता येत नाही पण कंट्रोलवर येता येतं हेही सांगितलं. तिने पेन्सिलने तिसऱ्यावर गोल केला. १४८ किमी. म्हणाली, तिथे मी असेन, कोरडे कपडे घेऊन, आणि तुझा तो थांबायचा कागद पण माझ्याकडे एक देऊन ठेव.

आता दुसरी प्रत काढायची आहे. दोनशेवाला काका, तुमच्या कागदावरच्या त्या चार ओळी जशाच्या तशा घेतल्या तर चालेल ना?